दोन्ही बाजूंना सिंह असलेला रुपया

माझ्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही, हाताकडं बघते. हात मोकळा असला तर घड्याळाला सेल घालायचा असतो, नाहीतर पट्टा बदलायचा असतो. मूठ मिटलेली असली तर आत नाणं असतं. आणि मूठ मिटून आलेला माणूस घाबरलेला असतो. मावशी आता 'हे काहीच नाही' म्हणेल, ही एक भीती. पण खरं सांगू का, 'हे खरंच काहीतरी आहे' असं मी म्हणाले की माणूस जास्त घाबरतो. मागं वळून रस्त्याकडं बघतो, मूठ पुन्हा मिटतो आणि आवाज उतरवून विचारतो, "कोणाला सांगणार नाय ना?"

मी सांगत नाही. आज सांगतेय ते ज्यांचं आहे त्यांना विचारून, आणि त्यांची नावं बदलून.

शहापूरच्या एसटी स्टँडमागं आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. हे गेले तेव्हा मागं राहिलं एक लाकडी टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, बारीक चिमटे आणि एका सोनाराकडून जुना घेतलेला वजनाचा छोटा काटा. मी शिकलेली सातवीपर्यंत. घड्याळ उघडायला ह्यांनी मला शिकवलं होतं, पण तोवर लोक मोबाईलमध्ये वेळ बघायला लागले होते. दुकानात बसून काय करणार? सुट्ट्या पैशांच्या डब्यातली नाणी भिंगाखाली धरून बघत बसायची. असाच एकदा एक रुपया सापडला. पुस्तकाचं पान उलटतो तसा उलटला, तर मागची बाजू डोक्यावर उभी! डब्यातले बाकीचे सगळे उलटून बघितले, ते सरळ. कल्याणहून एक म्हातारे काका ह्यांच्याकडं घड्याळ दाखवायला यायचे, त्यांना नाणी जमवायचा नाद. त्यांना दाखवला तर ते खुर्चीतून उठलेच. "वहिनी, टांकसाळीत ठसा फिरलाय हा. मला द्या." त्या रुपयाचे त्यांनी जे दिले त्यात मी दुकानाला पंखा घेतला. तो अजून फिरतोय. काका मात्र आता नाहीत. मला येतं ते सगळं त्यांचं.

नाणं कसं पडतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात, आपण करंजीच्या पाऱ्या वाटीनं कापतो तशा. चकती एका कड्यात बसते, वर एक ठसा, खाली एक ठसा, आणि मध्ये दणका. इतकंच. आता एवढे दणके बसतात म्हटल्यावर कधी चकती सरकते आणि चित्र अर्धंच उमटतं. कधी आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्यावर त्याचाच उलटा खड्डा पडतो. कधी वाटी आधीच्या भोकावर पडते आणि चकतीला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. टांकसाळवाले अशी नाणी वेचून वितळवतात. एखादं नजर चुकवून बाहेर पडतं, कंडक्टरच्या बॅगेतून, भाजीवालीच्या गोणपाटाखालून फिरत फिरत माझ्या टेबलावर येतं. टांकसाळीची चूक जेवढी मोठी, तेवढा नाण्याला भाव जास्त. आपल्या चुकांना असा भाव कोणी देत नाही.

पण चूक वेगळी आणि लबाडी वेगळी. कोणी रुळावर ठेवून नाणं चपटं करतं, कोणी कानशीनं घासतं. हे ओळखायच्या खुणा असतात. खर्डीचा एक तरुण चावा बसलेला रुपया घेऊन आला. मी चाव्याकडं बघितलंच नाही, त्याच्या बरोब्बर समोरची कड बघितली. चावा टांकसाळीतला असेल तर समोरची कड फिकी, बसकी असते. चकतीची कड उचलताना एका बाजूला धातूच नसतो, मग दुसऱ्या बाजूलाही दाब पोचत नाही. घरी पक्कडीनं तुकडा तोडणाऱ्याला हे माहीत नसतं. त्या तरुणाच्या रुपयाची समोरची कड फिकी होती. खरा होता रुपया. पण मी कपाळाला हात लावला, कारण त्याच्या आईनं तो चिंचेनं घासून आरशासारखा लख्ख केला होता.

ही आमच्या भागाची सवय. कोणाला काही दाखवायला न्यायचं तर घासूनपुसून न्यायचं. सणाआधी देव जसे चिंच लावून उजळतो तसं. नाण्याला वर्षानुवर्षांची एक कातडी येते, मळकट, काळपट. हौशी माणूस त्या कातडीचे पैसे मोजतो. ती गेली की नाण्याचं सगळं गेलं. म्हणून मी दुकानात पाटी लावली: 'नाणे घासून आणू नये. चिंच, राख, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नये.' तरी लोक घासूनच आणतात. एक बाई मला म्हणाली, "मावशी, पारोशा तोंडाचं नाणं तुमच्यासमोर कसं आणायचं?"  आयुष्यभर मी त्या चिंचेशी भांडत आले. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

गेल्या वर्षी भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. पितृपक्ष चालू होता. दुपारच्याला एक बाई दुकानात आली. मूठ मिटलेली नव्हती, पण एक हात पोटाशी घट्ट. तिशी-पस्तिशीची असेल. आत आली आणि आधी काचेतून बाहेर बघून घेतलं.

"तुमीच का घड्याळवाल्या मावशी?"

"मीच. बस गो. पाणी देऊ?"

पाणी नको म्हणाली. कनवटीची गाठ सोडून तिनं लाल फडक्यातलं नाणं काढलं आणि टेबलाच्या काचेवर ठेवलं. 

"ह्याच्यावर आकडा का नाय, तेवढं सांगा."

जुना जाड रुपया होता. वर सिंह. उलटून बघितला, मागंही सिंहच. एक रुपयाचा आकडा कुठंच नाही. क्षणभर माझंही काळीज हललं, खोटं कशाला बोलू. दोन्हीकडं एकच ठसा बसलेलं खरं नाणं मी जन्मात बघितलेलं नाही, काकांनीसुद्धा बघितलं नव्हतं. मी ते बोटाच्या टोकावर तोललं आणि काचेवर उभं सोडलं. खरा रुपया टण्ण वाजतो. हा थप्प वाजला, ओल्या भाकरीसारखा.

"कुठं मिळालं?"

मग ती बोलायला लागली. नाव कमल. टोकावड्याच्या पलीकडं आत एका गावात घर. नवरा वाशिंदला कंपनीत, शनिवारी घरी येतो. घरात सासू, जेठ म्हणजे थोरला दीर, आणि हिची आठवीतली मुलगी मनीषा. पावसाळ्याआधी जेठाला कोणीतरी एक महाराज भेटवला. महाराज पांढऱ्या गाडीतून येतो. त्यानं ह्यांच्या खाचराच्या बांधावर बोट ठेवलं, 'इथं खणा.' खणलं तर मडक्याचं खापर आणि त्यात हे नाणं. महाराज म्हणाला, आकडा नाही म्हणजे हे सरकारचं नाणंच नव्हे. जमिनीखाली धन आहे, त्याच्या राखणदारानं ही खूण वर पाठवलीय. आता पूजा करायची.

"पूजा तर पूजा," मी म्हटलं. "तू एवढी का घाबरलीस?"

"पोरगी पायाळू हाय," ती म्हणाली.

मला पुढं काही विचारायची गरज राहिली नाही. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. जन्मताना ज्या बाळाचे पाय आधी येतात ते पायाळू. आमच्याकडं पूर्वी कोणाची कंबर धरली की पायाळू पोराकडून एक लाथ घालून घ्यायची, उसण उतरते म्हणून. मनीषानं म्हणे अर्ध्या गावाला लाथा घातल्या होत्या, हेडमास्तरांनासुद्धा. इथवर हसण्यावारी. पण दुसरंही एक मानतात. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं. आणि गुप्तधनाच्या पूजेला पायाळू मुलगी का बसवतात, पूजेनंतर तिचं काय होतं, ह्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. मला त्या इथं लिहायच्या नाहीत.

"कधी आहे पूजा?"

"सर्वपित्रीला. म्हाराज बोलला, पोरीला नवीन कपडे करा. आईबापानं तिथं थांबायचं नाय." ती माझ्याकडं बघत होती, पण तिला मी दिसत नसणार. "मावशी, आईबापानं का थांबायचं नाय?"

 मी भिंग डोळ्याला लावलं, ते जरा तोंड लपवायलाच. आणि तेव्हा मला ती रेघ दिसली.

कडेच्या आतल्या अंगाला, जिथं चित्र संपतं आणि कड सुरू होते, तिथं केसाएवढी हिरवी रेघ. पूर्ण गोल. कुठंही न तुटलेली. नाणं लख्ख, आणि एवढी एक रेघ हिरवी.

"हे घासतं कोण?"

"सासू. म्हाराज बोललेला रोज दुधानं धुवा, दुसरं काय लावू नका. पण सासूला दुधाचा चिकटपणा खपत नाय. ती रोज चिंचेनं घासते आणि मंग देव्हाऱ्यात ठेवते."

तेव्हा मला सगळं कळलं. जत्रेत जादूवाले असला रुपया ठेवतात. एका नाण्याचं आकड्याकडचं पोट यंत्रावर कातून पोकळ करायचं, दुसऱ्याची कड काढून ते सिंह वर ठेवून त्या पोटात चिकटवून बसवायचं. सांधा कडेच्या आत लपतो, नुसत्या डोळ्याला दिसत नाही. पण आंबट पाणी सांध्यात शिरतं, तिथंच राहतं, आणि काही दिवसांनी हिरवं होऊन वर येतं. महाराज हुशार होता, दूधच म्हणाला होता. पण आमच्या भागातली सासू त्याला माहीत नव्हती.

मी कमलला दाखवलं, समजावलं. तिला समजलं. पण चेहऱ्यावरचं भय काही गेलं नाही.

"मी घरी जाऊन काय सांगू? माझं कोण ऐकणार? आधी विचारतील, देव्हाऱ्यातलं नाणं उचललंस का."

"मग इथंच उघडते. दोन तुकडे घेऊन जा."

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचा उसाचा रसवाला आत डोकावला. "हितं नका उघडू. मोडलं म्हंतील, राखणदार कोपला म्हंतील. मंग तर पोरीला सोडणारच नाय."

बरोबर होतं तिचं. नाणं उघडायचं तर त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांसमोर. मी पोलिसांचं नाव काढलं. ती पाया पडायला लागली. जेठ आत गेला तर गावात राहणं मुश्कील, नवरा भावापुढं तोंड उघडत नाही. "तुमी चला. माझी मावशी म्हणून चला."

मी पटकन हो म्हटलं असं वाटत असेल तर तसं नाही. मी नाही म्हटलं. माझं वय, गुडघे, एकटी बाई. नाण्याचं खरंखोटं सांगणं एवढंच माझं काम, ते मी केलं होतं. कमलनं काही वाद घातला नाही. तिनं नाणं फडक्यात बांधलं, कनवटीला खोचलं आणि मला विचारलं, "तुमचे किती झाले?"

ते ऐकून मी दुकानाचं शटर ओढलं. रसवाल्याला कमलच्या गावाचं नाव देऊन सांगितलं, "मी टोकावड्याकडं जातेय. दिवेलागणीपर्यंत आले नाही तर पोलिसांत जा आणि हे गाव सांग." तो हसायला लागला. माझं तोंड बघून थांबला.

किन्हवलीवरून सरळगाव, तिथून माळशेजकडं जाणारी एसटी. वाटभर कमल कनवटीवर हात ठेवून बसलेली. बाहेर भातं हिरवीगार, लोंब्या वाकायला आलेल्या, आणि मला त्यातलं काही बघवत नव्हतं. मनात एकच. माझं चुकलं तर? हिरवी रेघ म्हणजे सांधा, हे मला ठाऊक आहे. पण मी उघडायला गेले आणि ते उघडलंच नाही तर? बारीक कामात असं होतं. चांगलं चिकटवलेलं असेल तर दहा मिनिटांत सुटत नाही. आणि त्या घरात मला दुसऱ्यांदा कोण हात लावू देणार होतं?

टोकावड्याला ढाब्याशी उतरून रिक्षा केली. गावात शिरलो तर दारातच पांढरी गाडी उभी. कमल तिथंच थांबली.

"आज येणार नव्हता तो," ती पुटपुटली.

महाराज नव्हता, महाराजाचा माणूस होता. ओटीवर खुर्चीत बसलेला, पांढरा शर्ट, हातात मोबाईल. जेठ खाली घोंगडीवर. माणसानं मान वर करून विचारलं, "ह्या कोण?" कमलनं माझ्याकडं बघितलं. मीच म्हटलं, "मी हिची मावशी. पोरीला बघायला आले." त्यानं माझ्या चपलांपासून डोक्यापर्यंत बघितलं, हसला आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. ओटीच्या खांबाला टेकून एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, शाळेचा गणवेश. पाय अंगाखाली घट्ट दुमडून घेतलेले, कोणाला दिसू नयेत असे. तीच मनीषा.

आत चुलीपुढं सासू. वाळक्या शेंगेसारखी म्हातारी, पण नजर तिखट. समोर परातीतल्या पाण्यात देवांचे टाक, वाटीत भिजवलेली चिंच. सुनेला बघताच म्हणाली, "आलीस? आणि माझं नाणं कुठं गेलं ते बोल."

कमल रडायलाच लागली. मी तिच्या कनवटीचं नाणं घेतलं आणि म्हातारीच्या परातीत ठेवलं. "रागावू नका आजी, तिनं मला दाखवायला आणलेलं. तुमचे देव काय उजळलेत हो!"

स्तुती कोणाला नको असते? म्हातारी जरा सैलावली. मी तिच्याशेजारी फतकल मारून बसले, एक टाक हातात घेतला आणि तिच्यासोबत घासायला लागले. हो, मी. चिंचेनं. पाटी लावणारी मी. 

"आजी, एक विचारू? पितळेच्या तांब्याला चिंच लावली, कितीही धुतला, तरी हिरवं कुठं राहतं?"

"गळ्याशी. जोड दिलेला असतो तिथं. हे काय इचारणं झालं?"

"मधेच कुठं येत नाही हिरवं?"

"नाय. जोडालाच. पाणी मुरतं ना तिथं."

मी पदराच्या टोकानं नाणं पुसून, माझं भिंग तिच्या डोळ्याला लावून, नाणं पुढं धरलं.  म्हातारी बराच वेळ बघत राहिली. नाणं फिरवलं, दुसरी बाजू बघितली. मग भिंग खाली ठेवून सुनेकडं बघितलं, बाहेर खांबाशी बसलेल्या नातीच्या पाठीकडं बघितलं.

"ह्याला जोड हाय," ती हळू आवाजात म्हणाली.

"आहे."

"धरतीतनं आलेल्याला जोड कसा?"

 म्हातारीनं चुलीवर तवा टाकला. कमलनं तिचा हात धरला, "आत्ये, नका! काय झालं तर..." म्हातारीनं हात झटकला. "देव असंल तर तव्याला भिंल काय? मला काय आंधळी समजतंस?" आणि नाणं तव्यावर ठेवून दिलं.

आम्ही तिघी तव्याकडं बघत बसलो. काही होईना. चुलीत काटकी सरकवली. काही होईना. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. माणूस उठला होता. "काय करता आत?" त्याची पावलं माजघरात आली. माझ्या मनात आलं, संपलं. चिकटवणारा कारागीर चांगला निघाला. आता मी काय सांगू ह्या माणसाला, आणि दिवेलागणीला अजून किती वेळ आहे?

सासूनं सांडशीनं नाणं उचललं आणि परातीतल्या पाण्यात टाकलं. चर्र झालं. आणि टक्.

नाणं दोन झालं. एक वाटीसारखं, एक झाकणासारखं. आत यंत्रानं कातल्याच्या गोल गोल रेषा आणि पिवळ्या गोंदाचा करपलेला थर. त्याचा घाण वास माजघरभर पसरला.

माणूस दारात उभा होता. त्यानं बघितलं. पण सराईतच तो, चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मागं आलेल्या जेठाकडं वळून म्हणाला, "बघा. मी सांगितलं होतं दुधाशिवाय काही लावू नका. त्यात बाहेरच्या बाईचा हात लागला. राखणदार फुटून गेला. आता ह्याचा कोप पोरीवर आहे. पूजा आजच करावी लागंल."

मला वाटलं, हा जिंकला. जेठाचं तोंड पांढरं पडलं होतं, त्याला ते पटत होतं. खोटं उघडं पडलं की लोक सुटतात असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. भ्यालेल्या माणसाला दोन तुकडे दाखवा, तो दोन्ही तुकड्यांना भितो.

म्हातारी उठली. सांडशीत एक तुकडा धरून ती त्या माणसाच्या पुढ्यात गेली.

"बाहेरचा हात नाय लागला. हात माझा लागला. रोज माझाच लागतो. मी ह्या घरात नवरी होऊन आले, मी बाहेरची काय रे?" तिनं तुकडा त्याच्या शर्टाच्या खिशाशी नेला, तो मागं सरला. "कोप करायचा तर माझ्यावर करंल तुझा राखणदार. पोर पूजेला बसणार नाय. हे घे तुझं अर्धं. दुसरं माझ्याकडं राहू दे, गावाला दाखवायला."

"आये..." जेठ काही बोलायला गेला.

"तू गप बस. तुझ्या पोटात ह्यांनी काय भरलंय ते मंग बघते."

तो माणूस भांडला नाही. मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं. सावकाश चपला घातल्या, गाडीचं दार उघडलं आणि काच खाली करून माझ्याकडं बघितलं.

"मावशी, दुकान तुमचं स्टँडच्या मागं ना? घड्याळाचं?"

मी हो म्हटलं की नाही म्हटलं, मला आठवत नाही. गाडी गेली.

आता हसा मला. नाण्यावर तारखेखाली टांकसाळीचा केसाएवढा ठिपका असतो, त्यावरून मी नाणं कुठं पडलं ते सांगते. आणि एवढी मोठी गाडी समोर उभी होती, तिचा नंबर मी वाचला नाही. कमलनंही नाही. पोलीस पाटलाला सगळं सांगितलं, म्हातारीनं तुकडा दाखवला, त्यानं पुढं कळवलं. पोलीस यायचे तेव्हा येऊन विचारून गेले. महाराज काही सापडला नाही. तो कुठं दुसऱ्या बांधावर बोट ठेवून उभा असेल, कुठल्या मुलीला नवे कपडे करा म्हणत असेल, हे मनातून जात नाही. त्यानंतर कितीतरी दिवस कोणी मूठ मिटून दुकानात शिरलं की मी आधी त्याच्या शर्टाचा रंग बघायची. अजून बघते. रसवाल्याला सांगून ठेवलंय, पांढरी गाडी थांबली की शिट्टी मार. तो लग्नाच्या गाड्यांनाही शिट्ट्या मारतो, मेला.

सर्वपित्री येऊन गेली. कमलच्या नवऱ्यानं म्हणे त्या दिवशी कामाला दांडी मारली आणि दिवसभर दारात बसून राहिला. जेठ अजून कमलशी बोलत नाही. मनीषाला दिवाळीनंतर शहापूरला मुलींच्या वसतिगृहात घातलं. रविवारी ती माझ्याकडं येते, अभ्यास करते, माझ्या डब्यातली भाकरी खाते. सुरुवातीला यायची तेव्हा स्टुलावर पाय दुमडूनच बसायची.

एका रविवारी मी तिला विचारलं, "तेव्हा तुला भीती वाटली होती का गो?"

वहीतून मान वर न करता ती म्हणाली, "म्हाराज आला की विचारायचा, जमिनीत काय दिसतं. मला काय दिसायचं नाय. दिसलं नाय बोलले तर मारतील, असं वाटायचं. मंग रात्री वाटायचं, खरंच दिसलं तर? मंग तर सोडणारच नाय." पान उलटून म्हणाली, "नंतर नंतर मी डोळं मिटूनच चालायची, मावशी. काय दिसू नये म्हणून."

 पदर डोळ्याला लावायचा तर ती बघेल. मी सुट्ट्या पैशांचा डबा पुढं ओढला, एक रुपया काढला आणि ह्यांचं भिंग तिच्या डोळ्याला लावून दिलं. तिचा डोळा घट्ट मिटलेला.

"उघड गो. मी आहे."

हळूहळू उघडला. ती बघत राहिली. मी तिच्या पायांकडं बघत होते. ते स्टुलावरून खाली सुटले, लोंबकळले, आणि हलायला लागले.

"काय दिसतं?"

"काय नाय," ती म्हणाली. मग तिनं रुपया उलटून बघितला. "एकीकडं सिंह, एकीकडं आकडा. नुसता रुपया हाय."